भोंग्याचा मुहूर्त

तो धक्का प्रथम मणक्याच्या टोकाला लागला, तेथून पाठीवर चढत मानेपर्यंत आला, आणि तो मानेत मुरेपर्यंत त्रिविक्रमशास्त्र्यांना कळून चुकले की पाय हलवल्यावाचून आपण पुढे निघालो आहोत. गिरणीचा सकाळचा दुसरा भोंगा विजापूर वेशीवर अजून घुमत होता. त्याच्या पहिल्या स्वरासरशी धोंडीरामाच्या मोटारीने जागा सोडली होती; आणि उजव्या अंगाला, हात लांबवला तर टेकेल इतक्या जवळ, सिद्धलिंगप्पाच्या मोटारीनेही त्याच स्वरासरशी जागा सोडली होती. दोन्ही मोटारी क्षणभर अंगाला अंग घासत चालल्या, दोन्हींचे रबरी भोंपू एकदम ओरडले, वेशीजवळची कबुतरे एकदम उडाली, आणि धोंडीराम चाकावर ओणवा होत म्हणाला, "आयला, ह्यो बी आत्ताच निगाला की!" या क्षणी निघालास तर यश तुझे, असे धोंडीरामाला त्यांनीच सांगितले होते. सिद्धलिंगप्पालाही त्यांनीच सांगितले होते. क्षण एकच होता.

मंद्रूपची वाट मोटारींची झाली त्याला फार काळ लोटला नव्हता. आरंभी सिद्धलिंगप्पाच्या थोरल्या भावाची एकच मोटार होती आणि ती भरली म्हणजे सुटे. माणसे तांबडे फुटताच येऊन बसत, मोटारीतच भाकरी सोडीत, एखादा उतारू पुन्हा घरी जाऊन विसरलेली छत्री घेऊन येई, आणि मोटार भरता भरता ऊन डोक्यावर येई. पुढे भाऊ वारला, मोटार सिद्धलिंगप्पाकडे आली, आणि त्याच वर्षी सुगी झाल्यावर मंद्रूपच्या धोंडीरामाने बैलगाडीचा धंदा सोडून आपली मोटार त्याच वाटेवर घातली. तेव्हापासून वेशीवरचा काळच बदलला. धोंडीराम अर्धी मोटार भरताच सुटू लागला, म्हणून सिद्धलिंगप्पा चार माणसे मिळताच सुटू लागला. एकाने दोन खेपा केल्या तर दुसऱ्याने तीन. उतारूंना पानसुपारी मिळू लागली. वेशीत माणूस दिसला की एकाने त्याचा दंड धरावा, दुसऱ्याने त्याचे गाठोडे उचलावे, आणि माणूस एका मोटारीतून व गाठोडे दुसरीतून मंद्रूपला पोहोचावे, हा तर नित्याचा शिरस्ता झाला. अखेर पौषात सीना नदीच्या फरशीवर, म्हणजे पाण्यालगतच्या बुटक्या पुलावर, जेथे एकच वाहन मावते, दोघेही एकदम घुसले; एका मोटारीचे चाक पाण्यावर लोंबकळत राहिले आणि लेकुरवाळ्या बायकांनी आकांत मांडला. तेव्हा मंद्रूपच्या आबासाहेब पाटलांनी दोघांना चावडीवर बोलावून निर्णय दिला. माघातल्या पहिल्या बाजाराच्या दिवशी सोलापुरातून निघून ज्याची मोटार सीनेचा पलीकडचा चढ आधी चढेल, त्याची सकाळची खेप. दुसऱ्याने दुपारी यावे. सकाळच्या खेपेला बाजारकरी, कोर्टाची माणसे, दवाखान्याचे आजारी. दुपारच्या खेपेला माश्या. धोंडीरामाला ठाऊक होते की सकाळ गेली म्हणजे मोटार गेली. सिद्धलिंगप्पाला ठाऊक होते की सकाळ गेली म्हणजे थोरल्या भावाने पाडलेली वाट गेली.

दोघेही शास्त्र्यांकडे आले. धोंडीराम सकाळी पूजेच्या वेळी येऊन उंबऱ्याबाहेर बसला. सिद्धलिंगप्पा त्याच दिवशी दिवेलागणीला भस्म लावून, उपरणे सावरीत आला. दोघांनीही आवाज खाली आणून सांगितले की हे कोणाच्या कानावर जाऊ नये. शास्त्र्यांनी पंचांग पाहिले होते. त्या दिवशी मध्यान्हापूर्वी शुभ क्षण एकच निघत होता. त्याच्या अलीकडे वर्ज्य, पलीकडे राहुकाळ. दुसऱ्याला वेगळा क्षण सांगावा तर ते जाणूनबुजून अनिष्ट चिंतणे झाले. मुहूर्त नाही म्हणावे तर पहिल्याचे गुपित फुटते. म्हणून त्यांनी जे सत्य होते तेच दोघांना सांगितले. परंतु आता, मोटारीच्या गादीवर आदळत असताना, चूक कोठे झाली ते त्यांना स्वच्छ दिसू लागले. त्यांचे तीर्थरूप मुहूर्त देत तेव्हा यजमानाच्या घरी घटिकापात्र पाण्यावर सोडीत. प्रत्येक घरचे भांडे निराळे, छिद्र निराळे, पाणी निराळे. कोणाचे पात्र थोडे आधी बुडे, कोणाचे थोडे मागाहून. एका मुहूर्तावर निघालेली दोन माणसे एका क्षणी कधीच निघत नसत, आणि जगाची वाट त्यामुळे मोकळी राहत असे. आपण मात्र सोपे म्हणून सांगितले, "गिरणीचा दुसरा भोंगा होताच निघा." भोंगा साऱ्या शहराला एकच होता. साळ्यांच्या मागाला, गिरणीच्या दाराला, वकिलाच्या घड्याळाला आणि आता शास्त्र्यांच्या शब्दालाही.

आणि ते स्वतः येथे कसे आले? पक्षातून एकदा ते पुराण सांगायला मंद्रूपला पाटलांकडे जात, ते नेहमीच बैलांच्या दमणीतून. मोटारीत त्यांनी आजवर पाऊल ठेवले नव्हते. आज वेशीत ते दमणीच शोधीत होते. काखेत तांबड्या रुमालात बांधलेली पोथी होती. तेवढ्यात धोंडीरामाने त्यांच्यापुढे दंडवत घातले. "शास्त्रीबुवा, आज तुमी माज्या मोटारीत. न्हाय म्हनू नगा. मुहूर्त तुमचा, मग बूड बी तुमचंच पायजे." शास्त्र्यांना हसू आले, आणि हसताना माणसाची काख सैल होते. त्याच क्षणी दुसऱ्या अंगाने सिद्धलिंगप्पा आला. नुकतीच आंघोळ केलेला, केस ओले, पाय अनवाणी. त्याने दोन्ही हातांनी पोथी अलगद काढून घेतली, मस्तकाला लावली आणि कानडी वळणाने म्हणाला, "शास्त्री न्या री तुम्ही. देव आमच्या गाडीत बसेल." भोंगा व्हायची वेळ झाली होती. विरोध करावयाचा तर तो कोणत्या मोटारीकडे तोंड करून करावा हे ठरण्याच्या आत धोंडीरामाने त्यांना पुढच्या गादीवर बसवले होते. गादी चामड्याची होती. ते त्यांच्या ध्यानात आले. आणि नवल असे की ध्यानात येऊनही मन तेथे थांबले नाही. ते पुढे गेले होते.

कंबर तलाव डाव्या हाताला आला आणि गेला. हे 'आला आणि गेला' त्यांना सर्वस्वी नवे होते. दमणीतून जाताना तलाव येई, मग बराच वेळ असे. त्यातले एकेक कमळ नजरेने मोजता येई, काठावर धुणाऱ्या बायकांचे बोलणे संपूर्ण ऐकता येई, आणि मग तलाव मागे राहू लागे, तोही हळूहळू, पाहुण्याने उंबऱ्याशी घोटाळावे तसा. आज तलाव म्हणजे एक लखलखीत पट्टा झाला. बायकांच्या बोलण्यातला एकच शब्द कानावर आला आणि त्याचे वाक्य कायमचे मागे राहिले. वारा उपरण्याच्या आत शिरून पाठीवर फुगला. डोळ्यांतून पाणी आले. ते पुसायला हात उचलावा तर त्या हाताने समोरची लोखंडी दांडी घट्ट धरली होती आणि ती सोडायला तो तयार नव्हता. पेट्रोलचा वास, तापल्या लोखंडाचा वास, रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभ्या असलेल्या शाळूच्या हिरव्या कणसांचा गोड वास, हे सारे एकाच श्वासात आत आले. शास्त्र्यांना भीती वाटायला हवी होती. त्यांनी आपल्या अंतःकरणात भीती शोधली. तिच्या जागी दुसरेच काही उभे होते, आणि ते ओळखीचे होते.

वाईच्या पाठशाळेत असताना त्यांना पठणाच्या तीन वृत्ती शिकवल्या होत्या. स्वतःच्या अभ्यासाला द्रुत, कर्माच्या वेळी मध्यम, आणि शिष्याला शिकवताना विलंबित. अठरा वर्षांचा त्रिविक्रम पहाटे एकटाच कृष्णेच्या घाटावर जाई आणि द्रुत म्हणे. प्रथम शब्द एकमेकांपासून सुटे असत. मग ते एकमेकांना स्पर्श करू लागत. मग एक वेळ अशी येई की जीभ म्हणते आहे की जीभ म्हणवली जाते आहे हे कळेनासे होई, छातीत काहीतरी प्रकाशमान होई, नदीचे वाहणे थांबल्यासारखे वाटे, कारण आपण तिच्याहून वेगाने चाललेले असू. त्या पाठशाळेत त्याच्यासारखे द्रुत कोणाचेच नव्हते. एका पहाटे गुरुजी मागच्या पायरीवर उभे राहून ऐकत होते. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बाळ, तू मंत्र म्हणत नाहीस. तू स्वतःला ऐकतो आहेस." त्या दिवसापासून त्रिविक्रमाने विलंबित धरले. ते वाणीतून चालण्यात उतरले, चालण्यातून जेवणात, बोलण्यात, संसारात उतरले. पत्नी कधी कधी हसून म्हणे, तुमच्या 'हो'ची वाट पाहता पाहता माझी भाजी करपते. लोक त्या संथपणाला वैराग्य म्हणू लागले आणि शास्त्र्यांनीही कालांतराने ते नाव मान्य केले. चाळीस वर्षे ते द्रुत छातीत कोठे निजले होते? कोणत्या कोपऱ्यात? आणि एका यंत्राच्या धक्क्याने ते कसे डोळे उघडून उठून बसले?

"माज्या कोंबड्या गेल्या की वं!" मागच्या बाकावरून एकाएकी ओरड उठली. ती केराबाई होती, मंद्रूपच्या बाजाराला निघालेली एक धनगर बाई. तिला धोंडीरामाने ओढून मोटारीत घातले होते आणि तिची कोंबड्यांची पाटी सिद्धलिंगप्पाच्या ड्रायव्हरने, निंगप्पाने, उचलून आपल्या टपावर टाकली होती. सिद्धलिंगप्पाची मोटार आता पुढे निघाली होती आणि तिच्या धुळीत टपावरची पाटी मधूनच दिसत, मधूनच नाहीशी होत होती.

"गप ग मावशे," धोंडीराम म्हणाला, "सीनेवर गाठतो त्येला."

"गाठतो म्हनं! तुजी मोटार हाय का रेडा? माजी म्हातारी सासू हिच्यापरास लवकर चालती!"

"मग सासूच्या खांद्यावर बसून यायचंस की!"

बाकावरची माणसे हसली. कोणी बाहेर डोके काढून पुढच्या मोटारीला शिवी दिली. तिकडूनही कोणी उपरणे फडकावून वेडावून दाखवले. धूळ दाट झाली. तोंडात खडे लागू लागले. शास्त्र्यांना धुळीतून ती दुसरी मोटार दिसेना, तिचा केवळ आवाज येई, आणि त्यांना आपल्या पोथीची आठवण होईना. खरेच होईना. हे त्यांना पुढे फार वेळ छळणार होते. परंतु त्या घटकेला त्यांच्या समग्र चित्ताने, जे चित्त त्यांनी चाळीस वर्षे सम राखले होते, जे यजमान आणि याचक, वादी आणि प्रतिवादी यांच्यामध्ये तराजूच्या काट्यासारखे स्थिर उभे असे, त्या चित्ताने एक बाजू घेतली होती. दोघांपैकी एकाचे यश म्हणजे दुसऱ्याला दिलेला आपला शब्द खोटा, हे त्यांना कळत होते. हे कळूनही धोंडीरामाची मोटार एका उतारावर सावरली, धूळ किंचित फाटली, पुढच्या मोटारीची मागची फळी हाताशी आल्यासारखी दिसली, आणि शास्त्र्यांच्या मुखातून, ज्या मुखातून विसर्गही कधी अर्धा पडला नव्हता त्या मुखातून, गाडीवानाची आरोळी बाहेर पडली: "हाण, धोंडीराम! हाण की!"

बाकावरची माणसे पुढे झुकून शास्त्र्यांकडे पाहू लागली. मग केराबाई म्हणाली, "बघ, शास्त्रीबोवा बी म्हन्त्यात! आता तरी हाण!" आणि धोंडीरामाने हाणली.

सोरेगावची घरे मागे पडली. लिंबाची झाडे एकेक करून अंगावर येत आणि फुटून दोन्ही बाजूंना जात. शास्त्री आता दांडीला धरून अर्धे उभे होते. शेंडी सुटली होती. ओठ हलत होते आणि आपण काय म्हणतो आहोत ते त्यांना नंतर कळले; ते घाटावरचे द्रुत होते, तेच, एकही अक्षर न गळलेले, इंजिनाच्या ठोक्यावर चाललेले. मग रस्ता वळला, सीनेचे पात्र खाली उघडले, फरशीवरून वाहणारे घोटाभर पाणी उन्हात चमकले, पलीकडच्या चढावर लिंबाखाली पाटलांचा पांढरा फेटा दिसला. आणि अलीकडच्या काठाला, फरशीच्या तोंडाशी, सिद्धलिंगप्पाची मोटार उभी होती.

ती बिघडली नव्हती. तिचे इंजिन चालू होते, तोंडातून वाफ निघत होती. ती रस्ता सोडून बाजूला घेतलेली होती आणि पुढे फरशी मोकळी होती. सिद्धलिंगप्पा खाली उतरून पाण्याच्या कडेला उभा होता. त्याच्या पसरलेल्या दोन्ही हातांवर तांबड्या रुमालातली पोथी होती.

"अप्पा, काय झालं?" धोंडीरामाने मोटार न थांबवता, केवळ मंद करीत विचारले.

"व्हायचं काय?" सिद्धलिंगप्पा त्याच्याकडे न पाहता म्हणाला. "शास्त्रीबुवांच्या घरची पोथी पाणी ओलांडते ती डोक्यावरून. मी लहान असताना यांच्या वडिलांना इथंच बघितलंय री. बैल सोडून पाण्यात उतरायचे. गाडीत बसून पोथी नेऊन मला सकाळची खेप नको."

पूर आला तर पूर ओसरेतो थांबून राहिलेले वडील शास्त्र्यांना दिसले. छातीभर पाण्यात डोक्यावर पोथी धरून चाललेले, मागून रिकामी गाडी, आणि गाडीमागून सारे लोक पायी, कारण पोथी पाण्यात असता कोणी वाहनात बसत नसे. तो घराण्याचा नियम होता, पण वाटेवरच्या गावांनी तो आपला केला होता. आणि तो नियम आज ज्याच्या घराण्याचा त्याला आठवला नव्हता; ज्याचे सर्वस्व पणाला लागले होते त्याला आठवला होता. धोंडीरामाने मोटार थांबवून शास्त्र्यांकडे पाहिले. त्याच्या कपाळावरून घामाचे ओघळ धुळीत रेघा काढीत होते. समोर रिकामी फरशी होती, पलीकडे पाटील होते. "जाऊ का, शास्त्रीबुवा?" त्याने अगदी हळू विचारले. "तुमी म्हनला तर जातो. न्हाय म्हनला तर न्हाय."

त्यांना 'जा' म्हणायचे होते. हे त्यांनी स्वतःपासून लपवले नाही. जिभेवर तो शब्द आलेला होता, द्रुतातल्या शब्दासारखा, आपणच आपल्याला म्हणवणारा. त्यांनी दांडी सोडली. बोटे उघडायला वेळ लागला. ते खाली उतरले. भूमी स्थिर आहे याचे पायांना आश्चर्य वाटले. त्यांनी वहाणा काढल्या, सिद्धलिंगप्पाच्या हातांतून पोथी घेतली, मस्तकावर ठेवली.

"तुम्हीच मला भोंग्याला निघ म्हणून सांगितलं," सिद्धलिंगप्पा म्हणाला. "यालाही तेच सांगितलं की नाही री?"

"होय," शास्त्री म्हणाले. "त्या दिवसाला दुसरा क्षण नव्हता."

सिद्धलिंगप्पाने धोंडीरामाकडे पाहिले, धोंडीरामाने सिद्धलिंगप्पाकडे. "लई भारी," धोंडीराम पुटपुटला, आणि त्यानेही वहाणा काढून हातात घेतल्या.

पाणी गार होते. पहिली पावले त्यांनी वडिलांसारखी टाकली, विलंबित, एकेक पाऊल फरशीवर पूर्ण टेकवून. मागे दोन्ही मोटारींतली माणसे उतरून पाण्यात येत होती. केराबाईने टपावरून पाटी ओढून काढली होती आणि कोंबड्यांचा कलकलाट चालला होता. चालूच सोडून दिलेली दोन इंजिने काठावर धडधडत होती. ती धडधड पाण्यातून येऊन तळव्यांना लागत होती. अर्ध्या फरशीवर त्यांचे दुसरे पाऊल पहिले पुरते टेकण्याच्या आत पडले. मग तिसरे त्याच्याही आधी. ओठ पुन्हा हलू लागले. शब्द एकमेकांना स्पर्श करू लागले. साठीचा, अर्ध्या सुटलेल्या शेंडीचा तो विद्वान ब्राह्मण डोक्यावर पोथी धरून सीनेच्या फरशीवरून धावत होता, पाणी गुडघ्यांपर्यंत उडत होते, आणि मागून कोणी तरी "आरं, धरा! पडतील!" म्हणून ओरडत होते. ते पडले नाहीत. हे धावणे पोथीसाठी आहे की धावण्यासाठी, हा प्रश्न त्यांच्या बाजूने धावत होता. त्याला मागे टाकण्याइतका वेग त्यांच्यात नव्हता. तू स्वतःला ऐकतो आहेस. होय गुरुजी, ऐकतो आहे. परंतु या वेळी डोक्यावर भार आहे, आणि तो हललेला नाही. चढ आला. तोही ते धावतच चढले आणि पाटलांपुढे येऊन उभे राहिले तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती आणि मुखावर अठरा वर्षांच्या मुलाचे हसू होते.

आबासाहेबांच्या हातात झेंडूचा हार तसाच राहिला. "आवं शास्त्रीबुवा, मी मोटारीची वाट बगत हुतो. ही पोथीच पयली चढली की! आता सकाळची खेप पोथीला देऊ का?"

"द्या की," धापा टाकीत मागून आलेली केराबाई म्हणाली. "पोथी भाडं तरी मागनार न्हाय!"

हशा पिकला, त्यात सिद्धलिंगप्पाही सापडला. आबासाहेबांनी हार पोथीला घातला आणि ते गंभीर झाले. "पर न्याय कसा करायचा? मोटारी दोनी त्या काठाला. चढली एक बी न्हाय. तुमीच सांगा, मुहूर्त तुमचा हाय."

शास्त्र्यांना श्वास पुरत नव्हता. विचार करायला वेळ लागतो, असे ते आयुष्यभर मानीत आले होते. आता उत्तर श्वासाच्या आधीच आले. "शुद्ध पक्षात सकाळ धोंडीरामाची. वद्य पक्षात सिद्धलिंगप्पांची. दोघांनाही यश सांगितले होते. दोघांनाही मिळू द्या."

"काळोख माझ्या वाट्याला का री?" सिद्धलिंगप्पा म्हणाला, पण त्याने मान डोलावली होती.

"तुमच्या मोटारीचं दिवं मोठं हाईत की, अप्पा," धोंडीराम म्हणाला, आणि दोघेही एकदम नदीकडे वळले, कारण दोघांनाही एकाच वेळी आठवले होते की इंजिने चालू आहेत. ते पाण्यातून धावत सुटले. एकमेकांना कोपराने ढकलीत, हसत आणि शिव्या देत. निंगप्पा त्यांच्यामागे धावला.

पाटलांनी शास्त्र्यांना लिंबाखाली बसवले, पाणी दिले, धोतराच्या ओल्या सोग्याकडे पाहून काळजीने म्हणाले, "आता सावकाश. घाई न्हाय. माजी दमणी जुपून हाय हितं." शास्त्री नदीकडे पाहत होते. पोथी मांडीवर होती, तिच्यावरचा झेंडू अजून थरथरत होता, की त्यांची मांडीच थरथरत होती. पलीकडच्या काठावर दोन्ही मोटारींच्या तोंडांतून वाफ उठत होती. दोघे आपापल्या मोटारीत चढत होते. दोन्ही भोंपू एकदम ओरडले.

"का मोटारीतनंच येनार? कुनाच्या?" पाटलांनी विचारले.

शास्त्री उठून उभे राहिले. पोथी त्यांनी या वेळी काखेत घट्ट धरली.

"जी आधी येईल तीत," ते म्हणाले.